सातवं कलम

मी तिसरीपर्यंत शिकलो. तिसरीही पुरती नाही, मधेच हातात सुई आली. तेव्हा लिहिण्यात चुका निघतील, निघू द्या. सांगण्यात चूक नाही, कारण मी तिथं होतो आणि झाल्या गोष्टीत दोष माझा होता. सगळा दोष माझा असं काहीजण अजून म्हणतात. तेवढा मी मानत नाही.

आमचं घराणं तंबू शिवणारं. दरबार दक्षिणेतून माळव्यात आला तेव्हा आमचे पूर्वज त्याच्या मागोमाग धारला आले, ते तंबूंचं ओझं सांभाळत. मी फरासखान्यात होतो. तंबू, कनाती, सतरंज्या ठेवायचं सरकारी कोठार म्हणजे फरासखाना. माझ्या वडिलांच्या हातचं काम पाहून दरबारानं एक जुना शामियाना त्यांना बक्षीस दिला होता. चार खांबी, आतून लाल, कडेला पिवळी झालर. लग्नकार्याला लोक मागून नेत. त्याची एकेक शिवण मला पाठ होती.

त्या काळी धार-देवासकडे रयतेचं एक मंडळ उभं राहत होतं. फार मोठं नाही. काही वकील, काही मास्तर, दोनचार दुकानदार, आणि आमच्यासारखे हातानं काम करणारे. मंडळ कशासाठी आहे आणि पुढं काय मागायचं, हे एकदा बसून ठरवावं, कलमं लिहून काढावीत, असं ठरलं. शहरात सभेला परवानगी मिळेना. मग कुक्षीच्या वाटेवर घाट उतरल्यावर एक आंबराई होती, तिथं जमायचं ठरलं. अध्यक्ष होते एक वकील. जुन्या कामदार, म्हणजे दरबाराच्या कारभारी, घराण्यातले, डोक्यावर पगडी, बोलणं मोजून. मला म्हणाले, "मिस्त्री, ऊन लागेल मंडळींना. तुमचा शामियाना आणाल का?"

मी छाती काढून म्हटलं, "आणतो. मंडळाची पहिली सभा माझ्या बापाच्या छताखाली होऊ द्या."

इथंच ते घडलं. घाटमाथ्यापर्यंत बैलगाडी जाते. पुढं त्या वेळी गाडीवाट नव्हती, ओझं माणसांच्या डोक्यावरून उतरायचं. तीस वर्षं मी दरबाराचे तंबू त्याच वाटेनं नेत होतो. रीत अशी की आदल्या दिवशी माथ्यावरच्या गावच्या पटेलाला निरोप धाडायचा, आणि दुसऱ्या दिवशी माणसं हजर. बेगार. ना मजुरी, ना वेळेचा भरवसा. तंबू परत वर येईस्तोवर माणूस अडकलेला. ह्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही. पाऊस पडतो, बेगारी येतात, इतकी साधी गोष्ट. ह्याही वेळी मी हात धुवावेत तितक्या सहज निरोप धाडला: आठ माणसं पाहिजेत.

मी माथ्यावर पोचलो तेव्हा पटेलानं विचारलं, "सरकारी काम है?"

मी म्हटलं, "कामच आहे, भिया. माणसं दे." हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. तंबूवाला आला म्हणजे सरकार आलं, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही.

आठ भिल आले. त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा मला ओळखत होता, किती वेळा त्यानं माझे बांबू वाहिले असतील. ओझं उचलायच्या आधी आभाळाकडं बोट करून म्हणाला, "बासाब, म्हारी जुवार खळा में उगाड़ी पड़ी है. पाणी आवेगो. कितरा दन लागेगा?"

माघाचे दिवस. आभाळ खरंच भरलेलं होतं, मावठ्याचं. कापलेली जोंधळ्याची कणसं खळ्यावर उघडी, आणि घरात दुसरा हात नाही, असं त्याचं म्हणणं.

मी नेहमीचं उत्तर दिलं, "तंबू वर येईपर्यंत." त्यानं चुंबळ डोक्यावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. देवासहूनही मंडळी आली होती. त्यांत एक शाळामास्तर, बारीक, चष्मेवाला, सारखा खोकणारा. वकीलसाहेबांनी घरून कलमं लिहून आणली होती, ती वाचू लागले. पहिल्यात गादीशी निष्ठा. मग रयतेनं निवडलेली सभा असावी. मग शाळा, जंगलातलं सरपण, असं करत करत शेवटचं, सातवं: वेठबेगारीचा प्रश्न सवडीनुसार विचारात घ्यावा.

मास्तर उठले. "सवडीनुसार म्हणजे कधी? मी तर म्हणतो हेच पहिलं पाहिजे."

वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, "मास्तर, बेगारीवर सगळ्या जहागिरदारांचा, सगळ्या कामदारांचा डोलारा उभा आहे. पहिल्याच दिवशी त्याला हात घातला तर मंडळ आठ दिवसही टिकणार नाही. आधी निवडलेली सभा मिळवू. सभा मिळाली की बेगारीही जाईल."

माणूस वेडा नव्हता. त्याचं बोलणं पुष्कळांना पटलं, मलाही पटलं होतं. मास्तरांना खोकला आला म्हणून ते पाणी प्यायला बाहेर गेले. बाहेर रांजणाशी ते आठजण बसलेले. परत आले ते हातात पाण्याचा तांब्या तसाच घेऊन.

"ही माणसं मजुरीवर आणलीत का बेगारीवर?" त्यांनी विचारलं. "ते म्हणतात, बेगार है."

वकीलसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "मिस्त्री? तुम्ही?"

मला राग आला. लाज मागाहून आली, आधी राग. मी उभा राहिलो. "मी आणली. रीत आहे ती. माझ्या बापाची रीत, तुमच्याही बापाची. तुमच्या आईसाहेबांचा मेणा ह्या घाटातून कुणी उतरवला, विचारा घरी जाऊन!"

"तोंड सांभाळा," कुणीतरी मागून म्हणालं.

वकीलसाहेबांनी हात वर केला. "झालं ते झालं. त्यांना गूळचणे द्या, पोटभर द्या. आणि आपण पुढं चालू. ही गोष्ट आंबराईबाहेर जाऊ नये."

तिथं माझं डोकं फिरलं. मी हट्टी आहे, सगळं धार सांगेल. मला माझी चूक सुनावली असती तर मी भांडलो असतो, आणि कदाचित जन्मभर ती मानली नसती. पण ते ती झाकायला निघाले. गूळचण्यानं झाकायला. आणि माझ्या बापाचा शामियाना त्या झाकण्याला वापरायचा.

"हे कलम पहिलं करा," मी म्हटलं. "नाहीतर मी मेखा उपटतो."

"धमकी देता मंडळाला?"

"धमकी कसली? शामियाना माझा आहे."

मी बाहेर गेलो आणि त्या आठजणांना म्हटलं, "जा. सुटलात तुम्ही."

कुणी जागचं हललं नाही. म्हातारा मग हळूच म्हणाला, "पटेल पूछेगो, कुण ने छोड़्यो? चिठ्ठी तो दो, बासाब."

खरंच होतं. चिठ्ठीवाचून परतलेल्या बेगाऱ्याला पटेल पळून आलेला समजतो, मारतो आणि पुन्हा धाडतो. हेही मला तीस वर्षं ठाऊक होतं.

मी आत येऊन वकीलसाहेबांना म्हटलं, "दौत तुमच्यापुढं आहे. ही आठ माणसं मंडळानं सोडली, एवढं लिहा आणि सही करा."

त्यांनी टाक उचलला. बुडवलाही. मग तसाच धरून बसले. शेवटी हलक्या आवाजात म्हणाले, "मिस्त्री, ही चिठ्ठी पटेलाकडून ठाण्यात जाईल, ठाण्यातून दरबारात. मंडळानं बेगार धरली, हे मंडळाच्याच सहीनं तिथं पोचेल. मला हे लिहिता येणार नाही."

त्या क्षणी मला त्यांचा राग आला नाही, हे खरं सांगतो.

मी टाक त्यांच्या हातातून घेतला. इतक्या शिकलेल्या लोकांपुढं लिहायचं म्हणजे मला घाम फुटला. माझी अक्षरं म्हणजे वाऱ्यावर सुटलेल्या दोऱ्या. एकेक शब्द मोठ्यानं म्हणत लिहिलं: ही आठ माणसं मी माझ्या कामासाठी बेगारीत धरली. काम सरकारी नव्हतं. चूक माझी. आज सोडली. खाली फरासखान्यासकट माझं नाव. मास्तर शेजारी येऊन उभे राहिले. एका शब्दाला वेलांटी चुकली होती, ती त्यांनी पाहिली, पण काही बोलले नाहीत.

म्हाताऱ्यानं चिठ्ठी फेट्यात खोवली. राम राम केला नाही, आभार मानले नाहीत. आठहीजण घाटाकडं चालू लागले, शेवटी शेवटी धावू लागले.

मग मी मेखा उपटल्या. पहिली मी, दुसरी मास्तरांनी. शामियाना बसला, आणि मंडळी उघड्यावर आली. काही उठून गेले. उरले त्यांनी तिथंच, भरल्या आभाळाखाली, हात वर करून मत दिलं. बेगारीचं कलम सातव्यावरून दुसऱ्यावर आलं. "सवडीनुसार" गेलं, "बंद झालीच पाहिजे" आलं. पहिलं मात्र गादीशी निष्ठेचंच राहिलं. मी पहिलं मागितलं होतं. दुसरं मिळालं. त्यावर मी त्या दिवशी भांडलो आणि आजही भांडेन.

चिठ्ठी जिथं पोचायची तिथं पोचली. महिन्याभरात फरासखान्यातून मला काढलं. वकीलसाहेब नंतर मला रस्त्यात भेटत, थांबत, नमस्कार करत. मी नमस्कार घेई. बोलणं होत नसे.

पण ते नंतरचं. त्या दिवशी मत दिल्यावर तासाभरात मावठा कोसळला. शामियाना भिजला. भिजलं कापड म्हणजे दुप्पट वजन, आणि आता वर न्यायला कुणी नव्हतं. मी, मास्तर, आणि मंडळातले पाचजण. वकीलसाहेबांनी एक बांबू उचलला, पहिल्या वळणापर्यंत नेला, मग त्यांचा दम संपला. खोकत खोकत मास्तरांनी खांब माथ्यापर्यंत पोचवला. मी लाल कापडाची घडी डोक्यावर घेतली होती. तीस वर्षांत त्या ओझ्याचं वजन मला पहिल्यांदा कळलं. पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं आणि लाल रंग सुटून अंगरख्यावर येत होता.

माथ्यावर वाटेला लागूनच म्हाताऱ्याचं खळं होतं. तो पोचला खरा, पण पावसाच्या जेमतेम आधी. अर्धी कणसं झोपडीत गेली होती, अर्धी भिजून पडलेली. ती तो उलटीपालटी करत होता, एकेक हातात घेऊन झटकत होता. काळी पडणार हे त्यालाही कळत होतं, मलाही.

त्यानं मान वर करून आम्हाला पाहिलं. माझ्या डोक्यावरचं ओझं पाहिलं. ते उतरवायला हात द्यायला तो उठला नाही. मीही त्याला बोलावलं नाही. गाडी अजून दोनशे पावलं लांब होती. मी चालत राहिलो.