अय्यांच्या खोलीतली पाखरं

आमच्या सासरी एक खोली वर्षातले अकरा महिने कुलपात असे. तिला अय्यांची खोली म्हणत. अय्या म्हणजे आमच्या लिंगायत घराण्याचे जंगम गुरू. ते गुलबर्ग्याकडच्या एका खेड्यात राहत आणि श्रावणात फिरत फिरत हुलसूरजवळच्या आमच्या गावी येत. पाच दिवस मुक्काम, पादपूजा, रोज पंगतीवर पंगती, आणि सहाव्या दिवशी पुढचं गाव. त्या पाच दिवसांसाठी शहाबादी फरशीची, दोन खिडक्यांची, घरातली सगळ्यात गार खोली राखून ठेवलेली. आम्ही चौदा माणसं उरलेल्या चार खोल्यांत एकमेकांच्या पायांत पाय घालून झोपत होतो. मी उदगीरची, नवी सून, आणि तोंडानं जरा तिखट. पुढच्या जन्मी मला अय्याच व्हायचंय, असं मी पहिल्याच वर्षी आमच्या ह्यांना सांगितलं होतं. ते काही हसले नाहीत.

हे तहसील कचेरीत उर्दू कारकून होते. निजामाच्या राज्यात मराठी बोलणाऱ्या माणसानं कन्नड गावात बसून उर्दूत लिहायचं, यात कुणाला काही वावगं वाटत नसे. कचेरीत म्हणे फार हुशार. बाजारात मात्र कुणीही टोपी घालावी. एकदा कामासाठी हुमनाबादला गेले आणि येताना पिंजरा घेऊन आले. आत अकरा मुनिया, काही हिरव्या, काही गुलाबी, काही हळदीसारख्या पिवळ्या, आणि वर एक पोपट. पाखरं विलायती आहेत, असं ह्यांनी घरभर सांगितलं. पाखरं विकणाऱ्या चिडीमारानं त्यांना छातीला हात लावून सांगितलं होतं, "रंग पक्का है, साब."

आता जिनं जन्मात एक लुगडं घेतलंय तिलाही कळेल की रंग पक्का आहे हे कधी सांगावं लागतं. तिसऱ्या दिवशी मी मातीच्या परळात पाणी ठेवलं, पाखरं आंघोळीला उतरली आणि परळात रंगपंचमी झाली. संध्याकाळपर्यंत अकराच्या अकरा जणी मातकट होऊन दांडीवर बसल्या होत्या. मी इतकी हसले की शेजारच्या बायका भिंतीवरून डोकावल्या. ह्यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

हसता हसता एकीला पुसायला हातात घेतलं, तेव्हा मात्र माझं हसू गेलं. पंख कात्रीनं छाटलेले होते. सगळ्यांचेच, पोपटाचेसुद्धा. मला त्या चिडीमाराचा असा संताप आला की तो समोर असता तर मी त्याचीच कात्री त्याच्या मिशांना लावली असती. त्यात दुसऱ्या आठवड्यात ओसरीवरच्या पिंजऱ्यात पंजा घालून मांजरानं एक मुनिया ओढून नेली. उरलेल्या दहांना आणि पोपटाला जगवायचं, हे मी त्या दिवशी ठरवलं. आणि त्यासाठी घरात एकच रिकामी जागा होती.

ते सासऱ्यांना सांगणार कोण? अप्पा तुरीचे आणि करडीचे व्यापारी. घरात त्यांचा शब्द शेवटचा आणि बहुतेक वेळा पहिलाही. मी सासूबाईंना धरलं. त्यांना सगळे अव्वा म्हणत, मीही. अव्वा गुलबर्ग्याकडची. कन्नडच्या वळणानं मराठी बोलायची आणि माझ्याशी तर दोन शब्दांच्या वर नाहीच. पाणी आण, चूल बघ, दार लाव. ती मला उभंच करणार नाही, असं मला वाटलं होतं. पण ती हात पुसत अप्पांकडे गेली. आत काय बोलणं झालं देव जाणे, पण अप्पांनी परवानगी दिली, ती अशी की अय्या येईपर्यंत ठेवा, श्रावण लागला की खोली धुतलेली पाहिजे आणि पाखरं घराबाहेर.

तेव्हा चैत्र चालू होता. जाळी करायला आलेल्या बुरडाला मी विचारलं, तर तो म्हणाला, छाटलेलं पीस गळून नवं यायला दिवाळी उजाडेल. म्हणजे श्रावणात बाहेर काढणं म्हणजे मांजराला जेवायला बोलावणं. पण तेव्हाचं तेव्हा बघू, म्हणून मी कामाला लागले.

बुरडानं खिडक्यांच्या गजांवर कामट्यांची जाळी बसवली. पहिली इतकी विरळ की दोन मुनिया त्यातून घसरून थेट ओसरीवर, अप्पांच्या वहीवर जाऊन बसल्या. मग ती काढून दाट विणली. दाराच्या आतून गोणपाटाचा पडदा लावला, म्हणजे माणूस आत शिरताना पाखरू बाहेर निसटायला नको. बाभळीची एक मोठी वाळकी फांदी आणून चिखल भरलेल्या घमेल्यात रोवली. तिचे काटे अव्वानं एकेक करून विळीवर मोडले, कारण मी मोडत होते ते तिला पसंत नव्हतं. फुटक्या मडक्यांना भोकं पाडून ती आढ्याला टांगली. फरशीवर नदीची रेती पसरली, भिंतींना चुना दिला, कोपऱ्यात राळ्याचं आणि पाण्याचं परळ. पंख नसलेली पाखरं फांदीवर उड्या मारत चढायची आणि मडक्यात शिरून नुसती डोकी बाहेर काढून बसायची. मी तासन्‌तास बघत बसे आणि दूध उतू जाई.

दुपारी चूल निवली की अव्वा तपासणीला येई. आली की गोणपाट ओढून घेई आणि चहाच्या वेळेपर्यंत आतच. मी आपली पळ काढायची. अकरा जीव सांभाळते, त्यात बाराव्यानं चुका काढायला नको. खोली बघून बघून किती बघणार, असं मी ह्यांच्यापाशी कुरकुरलेही होते.

आषाढ सरत आला तशी मी रोज पाखरांचे पंख उलटून बघू लागले. एका सकाळी अव्वाच माझ्याजवळ आली आणि तिनं हळू आवाजात बेत सांगितला. आजवरचं तिचं माझ्याशी झालेलं सगळ्यात लांब बोलणं तेच. अय्यांचा माणूस नेहमी आधी निरोप घेऊन येतो. त्याला सांगायचं की खोलीत कोळी फार झालेत, जाळी निघता निघत नाहीत, अय्यांची सोय ओसरीवर केली तर चालेल का. अय्या चालेल म्हणाले की संपलं. गुरूच्या शब्दापुढे अप्पा काय बोलणार? अव्वा खोटं बोलणार होती, तेही गुरूशी, आणि माझ्या पाखरांसाठी!

माणूस आला तेव्हा नेमकी अव्वा पूजेला बसलेली, तळहातावर लिंग, तोंडात मौन. तिनं मला डोळ्यानं खुणावलं, तू जा. मी डोक्यावर पदर घेऊन गेले, तांब्याभर पाणी ठेवलं आणि माणूस पक्का कन्नड आहे म्हणून त्याच्याच भाषेत सांगितलं, "कोण्याग कोळी भाळ आग्याव." खोलीत कोळी फार झालेत. त्यानं माझ्याकडे पाहिलं, बंद दाराआडचा कलकलाट ऐकला, तांब्याला हात न लावता उठला आणि चालता झाला. एवढं सफाईदार कन्नड ऐकून माणूस गार पडला, असं समजून मी खुशीत भाजी चिरायला बसले.

अप्पा दुकान अर्धं टाकून घरी आले. बाजारात जो तो त्यांना विचारत होता की अय्यांच्या खोलीत खुराडं कधीपासून घातलं. "आपल्या घरात कोंबड्या? कोन सांगायलंय हे?" ते दारातूनच ओरडले. अव्वानं मला विचारलं, तू काय बोललीस? मी अभिमानानं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. अव्वानं पदराचा बोळा तोंडात कोंबला. ती भिंतीला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती, आणि तिला हसताना मी पहिल्यांदा बघत होते. मराठीत जो कोळी जाळं विणतो त्याला कन्नडमध्ये जेड म्हणतात. कन्नडमध्ये कोळी म्हणजे कोंबडी. लिंगायताच्या घरात, गुरूच्या खोलीत, मी स्वतःच्या तोंडानं कोंबड्या भरून ठेवल्या होत्या.

अप्पांना हसू येणं शक्यच नव्हतं. उद्या सकाळी त्या खोलीत एक पीससुद्धा दिसता कामा नये, असं त्यांनी बजावलं. मला रडू फुटलं. माझ्याच जिभेनं मी त्या दहा मुनियांचा आणि पोपटाचा घास केला, असं वाटून मी ह्यांच्याकडे बघितलं, तर हे खाली बघत होते. तेव्हा अव्वा बोलली. खोली रिकामी केली तर लोक म्हणतील कोंबड्या लपवल्या. आहे तशी अय्यांना दाखवा, मग काय करायचं ते करा. अप्पा पडले व्यापारी माणूस, माल दाखवल्याशिवाय संशय फिटत नाही हे त्यांना पटलं.

अय्या आले ते अर्धी गल्ली मागे घेऊनच. वाळकेसे, उन्हानं रापलेले म्हातारे. पाय धुऊ दिले नाहीत, सरळ खोलीकडे गेले. अप्पांनी दार उघडलं, मी गोणपाट बाजूला धरला. मुनिया घाबरून मडक्यांत शिरल्या, मडक्यामडक्यातून डोकी तेवढी दिसत होती. आणि तेवढ्यात, चार महिन्यांत ज्यानं तोंडातून एक अक्षर काढलं नव्हतं तो पोपट फांदीवरून स्वच्छ गुलबर्गी कन्नडमध्ये म्हणाला, "कूड्री."

बसा. तेही आदरार्थी. अय्यांनी त्याच्याकडे बघितलं, आणि यजमानानं विनंती केल्यावर बसावं तसे रेतीत मांडी घालून बसले. गल्लीतली माणसं हसू लागली तेव्हा तेही हसले. मग अप्पांना म्हणाले, "ह्या खोलीचा कोंडलेला वास मला कवाच सोसला न्हाई. दरसाल पाच रात्री जागून काढतो. पर तुम्ही इतक्या भक्तीनं कुलूप लावता, कसं सांगावं?" यंदा ते ओसरीवर, वाऱ्यात झोपणार होते, आणि पुढेही. वर्षानुवर्षं किल्ली गळ्यातल्या लिंगासारखी जपलेले अप्पा किल्लीकडे असे बघत राहिले की मला त्यांची दयाच आली.

अय्या गेल्यावर एका दुपारी मी पळ काढला नाही. अव्वा खोलीत बसून सुपात राळा पाखडत होती. मी विचारलं, पोपटाला लोक शिव शिव शिकवतात, तुम्ही कूड्री कामून शिकवलं? तिनं सूप थांबवलं नाही.

"तीस वरसं झाली ह्या घरात येऊन," ती म्हणाली. "मला कोन बस म्हनलंय का कवा? म्हनलं, पाखरू तरी म्हनंल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या न म्हणणाऱ्यांत मीही होते, आणि ती आली की उठून जाणारी तर मी एकटीच. मी म्हणाले, "बसा, अव्वा."

"बसू? अन् भाकऱ्या काय पोपट थापतोय?" असं म्हणत ती उठायला लागली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं, गोणपाट ओढून घेतला आणि चुलीपुढं गेले. त्या दिवशी चौदा माणसांच्या भाकऱ्या मी एकटीनं थापल्या. निम्म्या करपल्या, आणि ते सांगायलाही अव्वा बाहेर आली नाही.