तंगुसाच्या तारा

एकोडीच्या तलावात मासे धरणाऱ्या बाबुलालला पोरगा गेल्यावर रडू आलं नाही, ही गोष्ट गावानं फार मनावर घेतली होती. कोण किती रडलं याची हजेरी घेणारी माणसं प्रत्येक गावात असतातच. शेजारची शकुनबाई तर तोंडावरच म्हणाली, "दगड हाये हा मानूस." बाबुलालला तिचा राग आला नाही. राग यायलाही आत काहीतरी जागं असावं लागतं. श्रावणात देवानंद तापानं गेला, तेव्हापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं आणि कडूही लागत नव्हतं. सकाळी तलावात उतरला तरी पाणी गार आहे की कोमट, ते कळत नव्हतं.

घरात माळ्यावर देवानंदची अर्धवट गिटार पडून होती. लाखनीच्या अनुपला नाटकात बिजलीची गिटार वाजवताना पाहून पोराला वेड लागलं होतं. टेकचंद सुताराकडे बसून त्यानं शिवणीच्या लाकडातून तिचं धड कापलं, कुठूनशी जुन्या गिटारीची मान मिळवली, लाल रंगाचा डबाही आणून ठेवला. "औंदा मंडईले अनुपभाऊ माहीच गिटार वाजवन," असं दिवाळीनंतरच्या जत्रेबद्दल गावभर सांगत सुटला होता.

बाबुलालनं ती खाली काढली. अर्धं विणलेलं जाळं घरात ठेवू नये, एवढंच तो बायकोला म्हणाला. मनातलं सांगितलं नाही. ही वाजली म्हणजे आपल्याला रडू येईल, असं त्याला वाटत होतं.

मग तो घासायला बसला. पॉलिश पेपरनं घासून घासून धडाच्या कडा त्यानं गुळगुळीत केल्या. डोंग्याला लावतात तसं खालून डांबर लावू का, असं त्यानं विचारलं, तेव्हा टेकचंदनं कपाळावर हात मारला. "बाबुलालभाऊ, हे काय तलावात सोडाचं हाये का?" टेकचंदनंच मग रंगाचे हात कसे द्यायचे ते दाखवलं. एक हात वाळला की घासायचं, मग दुसरा. लाल रंग चढला, वर पॉलिश चढलं, त्यात तोंड दिसायला लागलं. बाबुलालनं त्यात तोंड पाहिलं आणि फडक्यानं पुसलं. मान स्क्रूनं घट्ट बसवली. आतल्या बारीक वायरी साकोलीच्या मोबाइलवाल्यानं जोडून दिल्या.

राहिल्या तारा. देवानंदनं आणलेल्या तारा पावसाळ्याच्या ओलीनं गंजून गेल्या होत्या. लोखंडाचा भरवसा बाबुलालला आधीच नव्हता. त्यानं त्या फेकल्या आणि देवानंदच्याच गळाचं नायलॉनचं तंगूस काढलं. बारीक, जाड, मरळ मासाही तोडणार नाही असं, सगळ्या जाडीचं तंगूस होतं. ओढलं तरी सुटणार नाही अशी गाठ मारून त्यानं सहाही तारा ताणल्या. बोटानं छेडलं तर हळूच आवाज आला. मोठा करायला मशीन आहेच, असं म्हणून तो निश्चिंत झाला.

मंडईच्या दुपारी मांडवात नाटकवाल्यांची माइक लावायची धांदल चालली होती. अनुपनं गिटार दोन्ही हातांनी घेतली, वायर आवाजाच्या डब्याला जोडली आणि हात मारला.

बाबुलालला काहीच ऐकू आलं नाही. झालं, आता कानही गेले, असं त्याला वाटलं. मग त्यानं पाहिलं, तर सगळेच डब्याकडे पाहत होते.

"काका, हे तंगूस हाये?" अनुपनं विचारलं.

"हो. सडत नाही."

"याच्याखाली चुंबक रायते, काका. त्याले लोखंडाचीच तार लागते, तंगूस समजत नाही." मग बाबुलालच्या चेहऱ्याकडे पाहून तो घाईनं म्हणाला, "थांबा, माह्याजवळ हायेत तारा. आत्ता लावतो."

त्यानं तंगूस कापून खाली टाकलं. तंगूस जमिनीवर पडू देऊ नये, गाईच्या पायात अडकतं. बाबुलाल सवयीनं खाली बसला आणि ते गोळा करून बोटाला गुंडाळू लागला. लोखंडी तारा चढल्या, पिळल्या गेल्या, आणि अनुपनं हात मारला तसा डबा असा वाजला की मांडव बांधणारी पोरंसुद्धा थांबली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. टेकचंद डोळे पुसत होता. बाबुलालनं रडू यायची वाट पाहिली. आलं नाही. तो गुंडाळतच राहिला.

"काय करून राहिले जी!" बायकांतून त्याची बायको रेवताबाई धावत आली आणि तिनं त्याचा हात धरला. बोट काळंनिळं झालं होतं, तंगूस आत रुतून रक्त आलं होतं.

बाबुलालनं बोटाकडे पाहिलं.

"दुखून राहिलं," तो म्हणाला.

"थांबा, सोडून राहिली ना मी."

"लय दुखून राहिलं वो, रेवता." या खेपेला तो इतक्या मोठ्यानं म्हणाला, की अनुपचा हात थांबला.

रेवताबाई एकेक वेढा सोडवत गेली. शेवटचा वेढा सुटला, बोटाचा रंग परत आला, तरी तो तेच म्हणत होता.