घंटीमामाने न वाजवलेली घंटी

आमच्या स्टेशनावर मास्तरांच्या शब्दापेक्षा घंटीमामाच्या घंटीला वजन जास्त. घंटी म्हणजे कडुलिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. मागच्या स्टेशनाहून रेल निघाल्याची तार आली की मामा त्यावर लोखंडी दांडा हाणायचा. घंटी झाली की पोचवायला आलेले छकडेवाले बैलं जुंपून गावाकडे परतत. त्याआधी कोणी हलत नसे. निजामाच्या राज्यात रेल कधीही येई, पण मामाची घंटी खोटी ठरल्याचं मला आठवत नाही.

माणूस काळा, किडकिडीत आणि तोंडाचा फटकळ. "मामा, रेल कधी येईल?" असं विचारावं तर म्हणायचा, "मला म्हाईत न्हाई. म्हाईत झालं की सांगतो. बसा गुमान." मास्तर मात्र कचेरीच्या खिडकीतून दिवसभर "बैठो, आती है" करत राहायचे. स्टेशनावर बसायला ना छप्पर, ना प्यायला पाणी. मास्तरांच्या घरचा रांजण भरायचं काम मामाकडे होतं. त्यातलीच बादली तो उन्हात ताटकळलेल्या बायाबापड्यांकडे वळवायचा. कोणी दुवा दिला की खेकसायचा, "रेलला लाज न्हाई, मला हाय. प्या."

एका श्रावणात माझी थोरली शांता तापाने फणफणली. सव्वा वर्षाचं लेकरू. गळा सुजला, दूध उतरेना, श्वास घरघरू लागला. तीर्थपुरीच्या वैद्यांनी हात टेकले आणि "जालन्याला न्या" म्हणाले. आमचे हे आणि मी छकडा करून सकाळच्या रेलला येऊन बसलो. दहा वाजले तरी रेलचा पत्ता नाही. पुढे पुलाजवळ रूळ वाहून गेल्याची तार कधीच आली होती, पण ते आम्हाला सांगणार कोण? लोकांनी खिडकीशी गलका केला तेव्हा मास्तर वैतागून मामावर ओरडले, "घंटी बजाव! चुप बैठेंगे सब."

मामा दांडा घेऊन लिंबाखाली गेला. आमचा छकडेवाला परतायच्या तयारीने बैलांकडे निघाला. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. मामाची नजर माझ्या मांडीवरच्या पोरीवर गेली. त्याने दांडा खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "रेल येत न्हाई. रूळ वाहून गेलेत. आज न्हाई, उद्या बी न्हाई."

मग मला म्हणाला, "माय, छकडा हाय तवर निघ. जालना आठ कोस हाय. जल्दी कर."

"नौकरी प्यारी नहीं क्या?" मास्तर धावून आले.

"साहेब, घंटी वाजली की ह्यायचे छकडे जातेत. मंग ही बाई लेकरू घेऊन पायी जाईल का?"

पुढचं ऐकायला आम्ही थांबलोच नाही. दिवेलागणीला जालना गाठलं. डॉक्टर म्हणाले, "उद्यावर गेलं असतं तर पोर हाती लागली नसती."

दिवाळीनंतर शांताला नवं झबलं घालून, मामाच्या पायावर घालायला म्हणून मी स्टेशनावर घेऊन गेले. लिंबाखाली दुसराच माणूस उभा होता. हुकूम मोडला म्हणून मामाला त्याच आठवड्यात काढून टाकलं होतं. गाव कोणतं, खरं नाव काय, कोणालाच ठाऊक नव्हतं. मी तिथेच, चारचौघांत, पदर तोंडाला लावून रडले.

शांताच्या घरी आता सुना आल्या. तिच्या श्वासापायी एका माणसाची भाकरी गेली, आणि मी त्याला त्याचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.