कोमेटपाशी उभ्या राहणाऱ्या शरयूबाई

शरयू टिपणीस वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी अमेरिकेत ॲन आर्बरजवळच्या एका विमान-संग्रहालयात गाईड झाल्या, तेव्हा त्यांच्या लेकीने, राधिकाने, कपाळावर हात मारून घेतला. "आई, या थंडीत लोक घराबाहेर पडत नाहीत, आणि तू जर्मन विमानं कसली दाखवत बसतेस?" पण बाई ऐकतील तर शपथ! दर शनिवारी साडीवर जाडजूड जॅकेट, पायांत स्नो बूट, गळ्यात व्हॉलंटियरचा बॅज, आणि स्वारी बसने हजर.

त्यांच्या वाट्याला आलं होतं कोमेट. दुसऱ्या महायुद्धातलं जर्मनांचं रॉकेटवर उडणारं लढाऊ विमान, म्हणजे त्याची प्रतिकृती. बुटकं, गोलमटोल. पोरं त्याला पाहून हसायची. "हसा, हसा," बाई म्हणायच्या, "आता ऐका." सात-आठ मिनिटांत इंधन खलास. मग इंजिन बंद, आणि वैमानिकाने नुसतं तरंगत खाली यायचं. चाकं उडतानाच टाकून दिलेली, म्हणून पोटाखालच्या एका पट्टीवर घसरत थांबायचं. अंदाज चुकला तर पुन्हा वर जाऊन दुसरी फेरी मारायची सोयच नाही. पट्टी नीट बाहेर आली नाही तर दणका थेट मणक्यात. टाकीत थोडं इंधन उरलं असलं तर भडका. आणि इंधन तरी कसलं? जहाल हायड्रोजन पेरॉक्साइड, कातडी जाळणारं!

पेरॉक्साइडसाठी बाईंना पुस्तक उघडावं लागत नव्हतं. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत त्यांनी सव्वीस वर्षं काढली होती.

मार्चमध्ये सगळ्या गाईडना नवी स्क्रिप्ट आली. टूर आटोपशीर करायची म्हणून धोक्यांचा सगळा भाग उडवला होता. त्या जागी एकच वाक्य: 'बरीच विमानं उतरताना नष्ट झाली, मुख्यतः पायलटच्या चुकीमुळे.' बाईंनी ते दोनदा वाचलं आणि तडक गाईडांचा प्रमुख डग याच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"हे मी म्हणणार नाही."

डग तसा भला माणूस. तो म्हणाला, "शरयू, एक वाक्य आहे. आणि ते नाझींचे पायलट होते. तुला त्यांचा एवढा पुळका कशाला?"

"पुळका? डोंबलाचा पुळका! ते कुणासाठी लढत होते ते मला पक्कं ठाऊक आहे. त्याबद्दल त्यांना हवी ती शिवी दे, मी पण देईन. पण असलं विमान हातात द्यायचं, आणि मणका मोडला की चूक त्याची? हे खोटं आहे, डग."

डगने हात वर केले. संग्रहालयाच्या बोर्डाचा निर्णय होता. स्क्रिप्ट म्हणायची, नाहीतर बॅज परत करायचा.

संध्याकाळी राधिकाही वैतागली. "एका वाक्यासाठी, आई? लेट इट गो ना. तो शनिवार गेला तर तू इथे करणार काय? मला फोन करकरून वेड लावशील."

बाईंनी हातातली पोळी ताटात ठेवली. आजवर कुणाला न सांगितलेलं त्या सांगायला लागल्या. कंपनीत विष्णू नावाचा कामगार होता. पेरॉक्साइडच्या टाकीची वाफ जायची वाट तुंबली होती. त्याने तीनदा येऊन सांगितलं. तिन्ही वेळा बाईंनी वर कळवलं, कुणी हललं नाही. एका सकाळी टाकी फुटली आणि त्याचे दोन्ही डोळे गेले. रिपोर्टमध्ये आलं: कामगाराचा निष्काळजीपणा. खाली शिफ्ट केमिस्टची, म्हणजे बाईंची, सही हवी होती.

"मी केली. मग त्याला बघायला हॉस्पिटलात गेले. डोळ्यांवर पट्ट्या. आवाजावरून ओळखलंन मला. म्हणाला, बाई, सही तुमचीच आहे ना? मी हो म्हटलं आणि पळून आले. पुन्हा तोंड दाखवलं नाही."

"मी तेव्हा केवढी होते?" राधिकाने हळूच विचारलं.

"दोन वर्षांची. पण तुझं निमित्त पुढे करणार नाही मी. नोकरी जाईल म्हणून घाबरले होते, बस."

सोमवारी त्यांनी बॅज परत केला. आणि पुढच्या शनिवारी रीतसर तिकीट काढून, राधिकाला सोबत घेऊन, पर्यटकांच्या घोळक्यात उभ्या राहिल्या. त्यांच्या जागी डग स्वतःच बोलत होता. ते वाक्य आलं. बाईंचा हात वर गेला.

डगने इकडेतिकडे पाहिलं. पण तिकीट काढलेल्या माणसाला प्रश्न विचारायला कोण अडवणार?

"इंजिन बंद. चाकं नाहीत. दुसरी फेरी नाही. मग त्या पायलटने नेमकं काय करायला हवं होतं?"

डगने स्क्रिप्टवरून बोट फिरवलं. "बोर्डाचं म्हणणं आहे की..."

"बोर्ड राहू दे. अशा कागदावर मी स्वतः सही केलीय," बाई लोकांकडे वळल्या. "अंबरनाथला. माणूस आंधळा झाला आणि मी लिहून दिलं, चूक त्याची. खोटं लिहिलं. विष्णू सकपाळ त्याचं नाव."

राधिका आईच्या शेजारी येऊन उभी राहिली. डगने हातातली स्क्रिप्ट दुमडली आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, "शरयू, झालं तुझं?"

"नाही," बाई म्हणाल्या. "अजून चाकांचं सांगायचंय. ती टाकली की कधीकधी उसळून परत विमानालाच येऊन आपटायची. पुढे या सगळे, इथून नीट दिसतं."