सुभेदारांची हजेरी

सुभेदार गेल्याची बातमी मला कर्जतला हिऱ्याने आणून दिली. हिऱ्या खालापूरच्या अंगाला डोंगराखाली असलेल्या ठाकरवाडीतला. एवढे अंतर चालून आला, माझ्या बिऱ्हाडाच्या दारात ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "सुबेदारबाबा गेलं, दादा. मातीला येतोस ना रं?" आम्ही निघालो. पुढे एका साप्ताहिकात दोन ओळी आल्या : 'राजनिष्ठ पेन्शनर कालवश.' हे वाचून माझे डोके फिरले, म्हणून हा लेख. धोंडजी सुभेदार सरकारच्या दिवाणखान्यातले जाजम नव्हते, हे कोणीतरी छापलेच पाहिजे.

ते कोवळ्या वयात पलटणीत गेले, हबसाणच्या, म्हणजे ॲबिसिनियाच्या, स्वारीत समुद्र ओलांडून आले, आणि पेन्शन घेऊन वाडीशेजारच्या आपल्या गावी भातशेती करू लागले. गावोगावच्या लोकांनी त्यांना तालुक्याच्या लोकल बोर्डावर निवडून दिले ते त्यांच्या छातीवरच्या पलटणीतल्या बिल्ल्यांकडे पाहून. मीही त्यांना प्रथम भेटलो तो भांडायलाच. प्रांतसाहेब दिसले की हा माणूस खाडकन सलाम ठोकी आणि माझ्या अंगाचा तिळपापड होई. मी तसे तोंडावर बोललो. ते शांतपणे म्हणाले, "सलामाला हात लागतो, पोरा. पाठ वाकवावी लागत नाय." मला ते तेव्हा पटले नाही, आजही पटत नाही. पण त्यांची पाठ वाकलेली मी कधी पाहिली नाही, हेही तितकेच खरे.

खरा प्रश्न होता वेठीचा. साहेबाचा तळ हलला की तंबू, पेट्या, खुर्च्या वाहायला माणसे हवीत, आणि ती धरायला शिपाई वाडीवर जाई. "ए ठाकऱ्या, चल" एवढीच हाक, मग समोर कोणीही असो. पुरुष रानात पळत, आणि मागे सापडलेल्या बायांच्या डोक्यावर पेट्या चढत. मजुरी कसली मागता... मार चुकला म्हणजे मिळवली. सुभेदारांनी बोर्डात ठराव मांडला : मजुरी दिल्याशिवाय कोणाला ओझ्याला धरू नये. बोर्डाची रीत अशी, की साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहायचे आणि सगळ्यांनी मिळून हुंकार द्यायचा. सुभेदार म्हणाले, "नावं पुकारा. ज्यानं त्यानं उभं राहून सांगावं." एक इनामदार हसले, "सुभेदार, ही पलटण नव्हे."

"म्हणून तर. पलटणीत हुकूम होता, गप बसलो. हितं कुणाचा हुकूम हाय तुमाला?"

नावे पुकारली गेली. उभे राहून 'वेठ चालू द्या' म्हणताना भल्याभल्यांचे उपरणे सारखे घसरत होते. ठराव पडला. मी सभा ऐकायला बसलो होतो; बाहेर येऊन कडाडलो, पत्रक काढतो म्हणालो. सुभेदार म्हणाले, "काढ. मी वाडीवर जातो."

वाडीवर त्यांनी एकच गोष्ट शिकवली. पळायचे नाही. पळणारा चोर ठरतो आणि धरणारा शिपाई. आपण घराबाहेर यायचे, रांगेत उभे राहायचे, नाव पुकारले की 'हाजर' म्हणायचे, आणि मजुरी हातात पडेपर्यंत ओझ्याला शिवायचे नाही. हिऱ्याची आई म्हणाली, "बाबा, मारलं तं?" ते म्हणाले, "तं पयला मला." आणि तळ आला त्या दिवशी ते बिल्ले लावून खरोखर रांगेच्या टोकाला उभे राहिले. पळणाऱ्याला कसे धरावे हे शिपायाला पक्के ठाऊक होते. उभ्या माणसांचे काय करावे ते त्याला कळेना. तो तळाकडे परत गेला आणि मजुरी घेऊनच आला.

सुभेदार गेल्यावर खालापुरात बोलणे सुरू झाले : आता ठाकर पुन्हा रानात पळतील. परवा साहेबाचा तळ पडला, तेव्हा मी मुद्दाम वाडीवर जाऊन बसलो. वाडी रांगेत उभी राहिली. टोकाला बिल्ले नव्हते, आणि शिपाई तोच होता, काठीसकट. तो बांधावर दिसताच एक गडी हळूच कारवीच्या झाडोऱ्याकडे सरकला. हिऱ्याची म्हातारी आई खेकसली, "कुटं चालला रं? हाजरी हाय." गडी ओशाळून हसला आणि रांगेत परतला. शिपाई आला. "ए ठाकऱ्या, चल," म्हणाला. कोणी हलले नाही. त्याने पुन्हा हाक दिली. एक कोंबडी तेवढी रांगेपुढून गेली... शेवटी त्याने काठी काखेत धरली, घसा खाकरला आणि एकेकाचे नाव घेऊन पुकारू लागला.