पोळ्याच्या दिवशीचं हिरवं पाणी

शहरातल्या एका प्रयोगशाळेत सगीरा शेख बाटल्या धुवायला लागली, त्याला चौदा वर्षं झाली. बारावीनंतर शिक्षण सुटलेलं, पण नजर तेज. होता होता तिच्याकडं निराळंच काम आलं. दर पाच दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास, एक उपग्रह मराठवाड्यावरून जातो आणि तलावांचे फोटो काढतो. त्याच वेळी सगीरानं पळसखोऱ्याच्या तलावावर हजर राहायचं आणि पाण्याची बाटली भरून आणायची. फोटोतला रंग आणि बाटलीतलं शेवाळ यांचा मेळ घालायचं काम प्रयोगशाळेतल्या मोनिका मॅडमचं. चार वर्षांत पळसखोऱ्यानं तिचं नाव पाडलं होतं, पाणीवाली भाभी.

यंदा श्रावणभर आभाळ गच्च राहिलं. तीन आठवडे उपग्रहाला ढगांशिवाय काही दिसलंच नाही, म्हणून सगीराच्या फेऱ्याही थांबल्या होत्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी मात्र सकाळी चांगली उघडीप पडली आणि संध्याकाळी शहराच्या कडेला, हर्सूलच्या घरी सगीराचा फोन वाजला.

"सगीराताई, फोटो धाडलाय. गावाकडची कड बघा," मोनिका म्हणाली.

कड लालभडक होती. लाल म्हणजे शेवाळ दाट, निळं म्हणजे पाणी स्वच्छ. आणि त्याच कडेला उतार होता, जिथं पोळ्याच्या सकाळी अख्ख्या गावाची बैलं धुवायला उतरतात.

"विषारी हाये का?"

"फोटोत विष दिसत नाही हो, नुसता रंग दिसतो. पाणी तपासायला दोन दिवस लागतील. पण वाईट जातीचं निघालं, तर जनावर प्यायल्यावर काही तासांत कोसळतं."

सगीरानं लगेच सरपंच सोमनाथला फोन लावला. तिकडं बैलांच्या खांदेमळणीचा गोंगाट. "भाभी, उद्या सण हाये. परवा बघू," म्हणून त्यानं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या जीपनं ती निघाली. पोळ्याच्या दिवशी बैलांना आडवं जायचं, तेही आपल्यासारखीनं, आणि चूक निघाली तर? पुन्हा त्या गावात पाय ठेवता येईल का?

तलावावर पोचली तेव्हा कुजका वास आधी आला. काठाला हिरवा ऑइलपेंट सांडावा तशी जाड साय तरंगत होती. रात्रीच्या वाऱ्यानं सगळी घाण इकडंच लोटलेली. तिनं आधी तिथली एक बाटली भरून घेतली. आणि वरून घुंगरांचा आवाज उतरत होता. सगळ्यात पुढं म्हातारे बद्रीनाथबाबा, मागं वीसेक जोड्या.

सगीरा उताराच्या मधोमध उभी राहिली.

"बाबा, इथं उतरवू नका."

"का गं?"

तिनं मोबाईल पुढं केला. माणसं गोळा झाली. सुदर्शन नावाचा तिशीतला गडी हसला. "वरून फोटो काढून पाण्यातलं विष कळतंय व्हय?"

"नाय कळत, भाऊ," सगीरा म्हणाली. "विष हाये का नाय, ते मलाबी ठाऊक नाय. दोन दिवसांनी कळंल. पण तवर बैलं जाऊ शकतात."

"अन् काईच नाय निघालं तर?"

"तर शिव्या खायला मी इथंच येईन."

तहानलेली बैलं कासरे ओढत होती. बद्रीनाथबाबा तिच्याकडं बघत राहिले. "चार वर्षं पाणी नेतीस बाई. कधी कुणाला अडवलं नाय. आजच का?"

"आज पहिल्यांदा भ्या वाटलं, बाबा."

म्हाताऱ्यानं कासरा आखडला. "मंग धुवायची कुठं?"

उत्तर फोटोतच होतं. उगवतीला सांडव्याजवळचं पाणी फोटोत निळं होतं. पण तो फोटो कालचा. रातोरात वारा फिरला असेल तर? किलोमीटरभर ती पुढं चालली, मागं बैलांची रांग. सांडव्याशी पोचून तिनं काचेच्या बरणीत पाणी भरलं आणि दगडावर ठेवलं.

"पाव घंटा थांबा. ते शेवाळ असलं तर वर तरंगतं."

पाव तास वीस जोड्या आणि चाळीस माणसं एका बरणीकडं बघत उभी होती. एक बैल दावं तोडू पाहत होता. बरणीच्या तळाशी थोडा गाळ बसला. वर काहीच आलं नाही.

"उतरवा," ती म्हणाली. तरी शेवटचा बैल पाणी पिऊन वर येईपर्यंत तिनं जागा सोडली नाही, आणि नंतरही दोन तास, पाय लटपटतात का म्हणून, प्रत्येक बैल न्याहाळत राहिली.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं की सुदर्शन सांडव्याकडं आलाच नव्हता. मागं राहून त्यानं आपली जोडी जुन्या उतारावरच धुतली होती, पाणीही तिथंच पाजलं होतं.

दुपारी मिरवणुकीत, मारुतीच्या पारासमोर, झूल पांघरलेला त्याचा एक बैल थरथरत गुडघ्यावर बसला. तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर आले. दिवस मावळायच्या आत तो बैल गेला. दुसरा तीन दिवसांनी उभा राहिला.

उतारावरच्या बाटलीचा अहवाल दोन दिवसांनी आला. विष होतं, भरपूर होतं. "तुमच्यामुळं वीस जोड्या वाचल्या," मोनिका म्हणाली. सगीराला तो गेलेला एकच बैल दिसत होता. ती सुदर्शनच्या घरी गेली.

दारात त्याची आई, चतुराबाई, बसली होती. "मावशी, मी त्याला हाताला धरून न्यायला पायजे होतं," सगीरा म्हणाली.

"त्यानं कुणाचं ऐकलंय आजवर? ये, बस. चहा टाकते."

सुदर्शन गोठ्यात होता. मान वर न करता त्यानं एवढंच विचारलं, "पुढचा फोटो कधी?"

"सोमवारी. ढग नसले तर."

सोमवारी ढग होते. फोटो आला नाही. सगीरा मात्र बाटली घेऊन गेलीच. उतारावर बाभळीच्या काट्या टाकून वाट बंद केलेली होती आणि शेळ्या तिकडं वळू नयेत म्हणून सुदर्शन काठी घेऊन उभा होता. तिला बघून त्यानं एक काटी बाजूला ओढली आणि तिच्या हातातली पिशवी धरली. ती वाकून बाटली भरू लागली.