काडीमोडीचा कागद

आमची आत्या गेली आणि तिचा पैसा तिच्या नवऱ्याचा निघाला. खातं तिचं, सही तिची, परंड्यात मशीनवर वाकून आयुष्यभर ब्लाऊज, परकर आणि शाळेचे गणवेश शिवून जमवलेली पै न पै तिची. पण बँकेच्या साहेबांनी कागद चाळून सांगितलं, "मॅडम, यावर पहिला हक्क त्यांच्या पतीचा आहे." मला आधी चक्क हसू आलं. नंतर जो संताप आला, तो आजतागायत उतरलेला नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिचं लग्न येरमाळ्याकडच्या एका घरात झालं होतं. नवरा हात उचलायचा, आणि पुढं त्यानं दुसरी बाईही घरात आणून बसवली. तेव्हा आत्यानं काडीमोड मागितली. ही आमच्या समाजातली जुनी रीत. दोन्हीकडची चार वडीलधारी माणसं पंच म्हणून बसतात, त्यांच्यासमोर नवराबायको वाळकी काडी मोडतात, आणि काडी मोडली की लग्न मोडलं. कागद नाही, शिक्का नाही, कोर्ट नाही. पारावर माणसं जमली, आणि नवरा काडी हातात धरायलाच तयार होईना. शेवटी आत्यानंच तुरीची काडी उचलली, त्याच्या तोंडासमोर मोडली, गळ्यातलं काढून पंचांच्या पुढ्यात ठेवलं आणि उठली. हा प्रसंग ती आम्हाला इतक्या रंगात येऊन सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, बाईनं परंड्याचा किल्लाच सर केला. "तिथून जी उठले," ती म्हणायची, "ते येष्टीत बसूस्तोवर मागं वळून बघितलं न्हाय. पायातली एक चप्पल तिथंच राह्यली, ती बी न्हाय आणली."

ती आमच्या घरी आली आणि राहिली. वडील गेल्यावर मी नोकरीसाठी धाराशिवला आले. मागं राहिल्या आत्या आणि आई, नणंद आणि भावजय. ही जोडी एका छपराखाली नांदते म्हटल्यावर लोक कान टवकारून भांडणाची वाट बघायचे. भांडणं व्हायचीही, पण ती चहात साखर किती, एवढ्यावरच. आई तिला आक्का म्हणायची. आत्या शिवायची, आई काज-बटन करायची, हातशिलाई करायची, गिऱ्हाइकांशी बोलायची, कारण आत्याचं बोलणं गिऱ्हाइकांना सोसायचं नाही. "माप गेल्या वर्षीचं हाय, अंग ह्या वर्षीचं हाय, मग ब्लाऊज कसा बसंल?" असं तोंडावर सांगणारी बाई ती.

दोघींची एसटी स्टँडच्या मागं भाड्याची खोली होती. पुढच्या अर्ध्यात मशीन, मागच्या अर्ध्यात चूल आणि अंथरूण. गेल्या वर्षी घरमालकानं पुण्याला मुलाकडं जायचं ठरवलं आणि खोली विकायला काढली. माणूस भला. म्हणाला, आधी तुम्हाला विचारतो, दिवाळीपर्यंत थांबतो. आत्यानं आईला सांगितलं, "वहिनी, खोलीपुरतं माझ्याकडं हाय. तुमच्या नावावर घ्यायची. माझ्यामागं तुमाला कुणी ऊठ म्हणायला नगं." आणि मग पावसाळ्यात तिला बार्शीच्या दवाखान्यात न्यावं लागलं, आणि तिथून परत आलं ते तिचं मढंच.

दहावं-तेरावं झाल्यावर मी आणि आई बँकेत गेलो. मृत्यूचा दाखला, पासबुक, आधार, सगळं नीट घडी घालून. वारसदार म्हणून आत्यानं माझ्या वडिलांचं नाव लावलं होतं, आणि वडील तिच्याआधीच गेलेले. ते नाव बदलायचं असतं हे तिला कुणी सांगितलं नाही. वर्षानुवर्षं बाई त्या खिडकीशी पैसे भरायला उभी राहत होती, कुणाच्या तोंडातून तेवढं एक वाक्य निघालं नाही. आणि पासबुकावर तिच्या नावापुढं नवऱ्याचं नाव. ते माझ्या वडिलांचं काम. खातं उघडताना कारकुनानं विचारलं, पतीचं नाव? आणि वडिलांनी सांगून टाकलं. आमच्याकडं हे असंच चालतं. काडीमोड झालेल्या बाईच्या कागदावरसुद्धा जुन्या नवऱ्याचं नाव राहू देतात, कारण ते काढलं की जो तो विचारतो, का काढलं. बहिणीला चारचौघांत उत्तरं द्यावी लागू नयेत, इतकाच त्यांचा हेतू होता. त्या नावानं पुढं रेशनकार्डावर जाऊन बसायचं, मग आधारवर, मग मृत्यूच्या दाखल्यावर, हे त्यांच्या डोक्यात आलं नसणार.

"पण त्यांची काडीमोड झालेली आहे," मी साहेबांना म्हणाले. साहेब बाहेरचे, तरुण, बोलायला मऊ. "त्याचा कागद आणा," ते म्हणाले. कागद नसतो, असं मी सांगितलं. तर म्हणाले, "मग बँकेच्या दृष्टीनं त्या विवाहितच आहेत. मूलबाळ नसलेली हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली, तर पैसा पतीचा."

"आणि पती नसता तर?"

"तर पतीच्या वारसांचा."

"म्हणजे दीर, सासू, कोण असतील ते?"

"हो."

"आणि माहेरचे?"

"त्यांच्यानंतर."

आता मला सांगा, हा कुठला न्याय? जिनं घर सोडलं, जिला सासरच्यांनी कधी तापात पाणी विचारलं नाही, तिच्या घामाच्या पैशावर त्या घरातला कुणी न पाहिलेला दीर आमच्याआधी उभा राहणार. पुरुष मेला तर त्याच्या बायकोच्या माहेरचा कुणी रांगेत दिसतो का? बाईचं मात्र सगळं सासरचं. मी हे सगळं साहेबांना ऐकवलं, आणि जरा मोठ्यानंच ऐकवलं. रांगेतली माणसं बघायला लागली. साहेब म्हणाले, "मॅडम, कायदा मी नाही केला." ते खरंच होतं, आणि म्हणून राग आणखीच वाढला. भांडायलासुद्धा समोर कुणी नाही.

मी तिथंच बसून अर्ज लिहिला. आत्याची काडीमोड झाली होती, पंचांपैकी एक आजोबा अजून हयात आहेत, ते साक्ष देतील, सबब पैसा पतीला देऊ नये. साहेबांनी अर्ज घेतला, पोच दिली आणि खात्यावर वाद असल्याची नोंद केली. आता कोर्टाचा हुकूम आल्याशिवाय पैसा कुणालाच नाही. आणि कोर्टात किती वेळ? यावर साहेब नुसते हसले. दिवाळी तर तोंडावर होती.

"नाहीतर एक करा," ते म्हणाले, "त्यांच्याशी बोलून घ्या."

मग मी येरमाळ्याला गेले. आईला नेलं नाही. महामार्गाच्या कडेला त्या माणसाचं चहा-भज्याचं हॉटेल आहे. लहानपणी त्याला पाहिलं असेल तर मला आठवत नव्हतं. मनात एक राक्षस रंगवला होता, आणि गल्ल्यावर बसलेला निघाला एक साधा म्हातारा, पांढऱ्या टोपीतला, गुडघ्याला पट्टा बांधलेला. त्यानं मला चहा दिला. आत्या गेल्याचं त्याला कळलं होतं. आला मात्र नव्हता.

मी काडीमोडीचं काढलं तसा तो म्हणाला, "कसली काडीमोड? म्या हात तरी लावला व्हता का काडीला? तिनं एकटीनं मोडली. बायकांनी काडी मोडून लग्न मोडत असतं व्हय?"

"पंच होते समोर."

"एक म्हातारा सोडला तर पंच गेले वर. कागुद हाय का?" आणि वर म्हणाला, "माझं नाव हाय की तिच्या पासबुकावर. तिनंच ठिवलं न्हवं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊ बहिणीची लाज झाकायला गेला, आणि हा त्याच्यातून हक्क काढून दाखवतोय. मी उठले, तर त्यानं बसा म्हटलं. "म्या काय तुमाला उघड्यावर आणणार न्हाय. खोलीपुरतं तुमी घ्या. वरचं माझं. भांडण-तंटा नगं." अगदी उदार होऊन म्हणाला. जणू त्याच्या खिशातलंच देत होता.

येताना एसटीत मी खिडकीकडं तोंड करून शिव्या घातल्या, मनातल्या मनात, पण अस्सल. आणि परंड्याला उतरेपर्यंत मला हेही कळून चुकलं होतं की आईला खोली मिळवून देणारा तेवढा एकच रस्ता उरलाय. मी आईला सगळं सांगितलं. ठरवायचं तिनं, कारण छप्पर तिचं जाणार होतं. ती मशीनवरची धूळ पुसत म्हणाली, "जाऊ बँकेत. बघू काय म्हणत्यात." मी समजले, ती सही करणार. मला तिचा अजिबात राग आला नाही. त्या वयात घर शोधत कुणी हिंडावं?

ठरल्या दिवशी तो बँकेत आला, धुतलेलं धोतर नेसून. साहेबांनी उठून त्याला खुर्ची दिली. चहा मागवला. "काका, तुम्ही समजूतदारपणा दाखवलात," असंही म्हणाले. मी बघत होते. आत्या या बँकेत आयुष्यभर आली, तिला इथं कुणी कधी बस म्हटलं नव्हतं. तिच्या पैशावर चहा मात्र ह्याला.

साहेबांनी आमच्यासाठी एक जबाब टाइप करून ठेवला होता. वादाची नोंद काढून पैसा मोकळा करायचा तर आम्ही दोघींनी, मी भाची म्हणून आणि आई तिच्याबरोबर राहणारी म्हणून, त्यावर सह्या करायच्या होत्या. साहेबांनी वाचून दाखवला. आमचा आधीचा अर्ज गैरसमजातून दिला होता. मयत आणि तिचे पती यांच्यात कधीही, कोणत्याही प्रकारे फारकत झालेली नव्हती. मयत ही मृत्यूपर्यंत यांची पत्नी होती.

"परत वाचा," आई म्हणाली.

साहेबांनी परत वाचलं. आईनं पेन हातात घेतलं होतं. तिनं ते टेबलावर ठेवलं आणि त्या माणसाकडं वळली. आवाज चढवला नाही, पण खिडकीपलीकडच्या कारकुनालाही ऐकू जाईल एवढा होता.

"आक्का पैल्यांदा मार खाऊन आल्ती, तवा तिची पिशवी म्या भरून दिली. 'जा, नांद' म्हणाले. दुसऱ्या डावाला बी म्याच भरून दिली. पाठीवर वळ दिसत व्हते, तरी दिली. मला वाटायचं, नणंद घरात बसली तर माझ्या पोरीचं कसं व्हायचं. तिसऱ्या डावाला तिनं मला इचारलंच न्हाय, थेट पंचाला बोलवलं. ती तिची ती सुटली, आमी कुणी सोडवली न्हाय." मग तिनं जबाबाचा कागद साहेबांकडं सरकवला. "आता ती मेल्यावर मी तिसऱ्यांदा पिशवी भरणार न्हाय. खोली जाऊ द्या."

मला हे काहीच ठाऊक नव्हतं. आत्यानं काडीमोडीची गोष्ट इतक्यांदा सांगितली, पण त्याच्या आधीचं कधी सांगितलं नाही. आईच्या समोर तर कधीच नाही. तो माणूस काहीतरी पुटपुटला, उठला आणि अर्धा चहा तसाच टाकून गेला. साहेब म्हणाले, "मावशी, विचार करा, नुकसान तुमचंच आहे." आई म्हणाली, "व्हय, माझंच हाय."

खोली गेली. दिवाळीनंतर तिथं मोबाइल दुरुस्तीचं दुकान लागलं. आई माझ्याकडं धाराशिवला आली, मशीन माझ्या गॅलरीत आहे, आणि तिला इथं करमत नाही हे ती दिवसातून दहादा न बोलता सांगते. आम्ही कोर्टात दावा लावलाय. साक्षीदार असलेले ते पंच आजोबा थकलेत, दर तारखेला त्यांना गाडी करून आणावं लागतं, आणि दर वेळी पुढची तारीख मिळते. मला याची चीड येते, मी वकिलावर ओरडते, वकील ऐकून घेतात.

परवा वकिलांनी आईला समजावलं की, आजी, निकाल लागला तरी पैसा हातात यायला आणखी वेळ जाईल. आई म्हणाली, "पैशाचं राहू द्या. ती त्याची बायको न्हवती, एवढं माझ्या डोळ्यादेखत लिहून द्या म्हणावं."